आईचा मोबाईल क्रमांक (अनिवार्य)

श्रद्धा मनातून येते असं पूर्वी मानलं जायचं. ते आता मागे पडलं आहे. आता श्रद्धेला दोन पासपोर्ट साइझ फोटो लागतात, आधार कार्डाची झेरॉक्स लागते आणि आईचा मोबाईल क्रमांक लागतो. एवढं जमा केलं की बाकीचं मंडळ बघून घेतं.

हे मंडळ नवीन पनवेलमध्ये आहे. नाव ‘सन्मार्ग युवा श्रद्धा मंडळ’. गेली सहा वर्षं ते पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना नाताळच्या सुट्टीत गिरनारला नेतं. दोन बस, पाच दिवस, दहा हजार पायऱ्या आणि वर दत्ताच्या पादुका. मंडळाचा अनुभव असा की मूल नुसतं डोंगरावर चढवून उपयोग होत नाही. त्याला यात्रेपूर्वी, यात्रेदरम्यान आणि यात्रेनंतर पालकांचा आधार लागतो, आणि तो कसा द्यायचा हे पालकांना ठाऊक नसतं. म्हणून मंडळाने अठ्ठेचाळीस पानांची ‘पालक आधार पुस्तिका’ काढली आहे. मी ती दोनदा वाचली. माझं शिक्षण बारावीपर्यंत, पण पुस्तिका इतकी सोपी आहे की ती समजायला घरात मूल असण्याचीही गरज नाही.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कामाला आहे. बावीस वर्षं झाली. गाडी रिकामी येते तेव्हा काटा होतो, भरून येते तेव्हा पुन्हा काटा होतो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल. मधल्या वेळात गाडी कुठे गेली, ड्रायव्हर जेवला की उपाशी राहिला, याच्याशी काट्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे ‘यात्रेपूर्वी’ आणि ‘यात्रेनंतर’ हे शब्द वाचले तेव्हा ही माणसं आपल्याच लाइनीतली आहेत असं मला वाटलं.

पान तीनवर ठळक अक्षरात छापलं आहे: ‘यात्रेनंतर ९४ टक्के मुले पालकांशी मनमोकळे बोलू लागतात.’ 

हा आकडा पाहिला आणि मी फॉर्म घेतला. मागच्या मार्चमध्ये माझी पत्नी दमयंती गेली. आजार अकरा दिवसांचा होता. आमची एकुलती एक मुलगी मनस्वी सतरा वर्षांची आहे. ती माझ्याशी बोलत नाही असं म्हणता येणार नाही. सकाळी ती ‘डबा’ म्हणते. मी ‘ठेवलाय’ म्हणतो. ती ‘येते’ म्हणते. मी ‘ये’ म्हणतो. पण ‘आई’ हा शब्द नऊ महिन्यांत आमच्या घरात एकदाही निघाला नव्हता. तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. गिरनारला जायची इच्छा तिचीच होती, तिच्या कॉलेजातल्या दोघी चालल्या होत्या. मला मात्र गिरनारपेक्षा ते ९४ टक्के हवे होते.

फॉर्ममध्ये बावीस रकाने होते. सातवा रकाना: ‘आईचे नाव व मोबाईल क्रमांक, व्हॉट्सॲपसह (अनिवार्य)’. आठवा रकाना: ‘वडिलांचे नाव (असल्यास)’.

टेबलावर यात्रा समन्वयक सत्यजीत सर बसले होते. मी त्यांना सांगितलं की दमयंती आता नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं, डोळे मिटले आणि साधारण चार सेकंद शोक पाळला. मग म्हणाले, “सातवा रिकामा ठेवला तर सिस्टिम आठव्यावर जात नाही.”

मी विचारलं, मग करायचं काय.

“त्यांचा नंबर चालू आहे?”

नंबर चालू होता. दर चौऱ्याऐंशी दिवसांनी मी त्यावर रिचार्ज मारतो. फोन स्वयंपाकघरात मिक्सरच्या बाजूच्या फळीवर असतो, जिथे ती ठेवायची तिथेच, आणि पूर्ण चार्ज असतो. (का, असं सत्यजीत सरांनी विचारलं नाही. सिस्टिममध्ये तसा रकाना नाही.) मी नंबर सांगितला, त्यांनी भरला. सिस्टिम लगेच आठव्या रकान्यावर गेली आणि मी असल्याची नोंद झाली.

त्या दिवशी दुपारी फळीवरचा फोन वाजला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. दमयंतीला ‘गिरनार माता परिवार’ या गटात सामील करून घेण्यात आलं होतं. एकूण त्रेसष्ट माता. गटाच्या प्रमुख पद्मजाताई यांनी लिहिलं होतं, ‘दमयंतीताई, आपले सहर्ष स्वागत!’ त्याखाली एकावन्न जणींनी हात जोडले होते.

मी खरं काय ते सांगून लगेच बाहेर पडणार होतो. पण वडिलांसाठी वेगळा गट नव्हता. पुस्तिकेत ‘वडिलांची भूमिका’ असं प्रकरण आहे, पान एकेचाळीसवर, आणि ते एका ओळीचं आहे: ‘बॅग उचलणे व वाहनाची व्यवस्था.’ सगळ्या सूचना माता परिवारातच यायच्या. बाहेर पडलो असतो तर पोरीला स्वेटर किती द्यायचे हेसुद्धा कळलं नसतं. एकावन्न जोडलेल्या हातांसमोर असली बातमी टाकणंही बरं दिसलं नसतं. मी ‘धन्यवाद’ लिहिलं. माझ्या बायकोची सामाजिक कारकीर्द अशी सुरू झाली.

ती चांगली चालली, हे मान्य करायला हवं. जिवंतपणी दमयंती अशा गटांना वैतागायची. फुलांवर ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं आलं की फोन पालथा ठेवायची. आता मात्र ती दिवसाला चाळीस निरोपांना उत्तर देऊ लागली. मला लांबलचक लिहिता येत नाही, त्यामुळे तिची उत्तरं आटोपशीर असत. मितेश नावाच्या मुलाच्या आई हेतलबेन यांनी विचारलं, स्वेटर एक द्यायचा की दोन? यावर सतरा मतं आली, त्यांत दोघींची सांधेदुखी होती आणि एक आयुर्वेदिक काढा. दमयंतीने लिहिलं, ‘दोन.’ अडतीस माता भारावल्या. पद्मजाताईंनी लिहिलं की कमी बोलणाऱ्या बायका आजकाल राहिल्या नाहीत.

हेतलबेननी एकदा स्वतंत्र निरोप पाठवला, ‘दमयंतीबेन, तुम्ही किती शांत! तुमचे मिस्टर पण असे शांत आहेत काय?’

मी लिहिलं, ‘ते कामात असतात.’

आता यात्रेपूर्वीच्या आधाराबद्दल.

बॅग आठ किलोच्या आत असावी आणि वजनाचा पुरावा गटात टाकावा, असा नियम होता. मी बॅग काट्यावर नेली. आमचा काटा साठ टनांचा, दहा किलोच्या पटीत दाखवतो. मनस्वीची बॅग अधिकृतरीत्या शून्य किलोची भरली. मी पावतीचा फोटो टाकला. पद्मजाताईंनी तो ‘अपरिग्रह कसा असावा’ या मथळ्याखाली दुसऱ्या गटात पाठवला.

पुस्तिकेच्या पान अकरावर सांगितलं आहे, ‘मुलाशी रोज पंधरा मिनिटे डोळ्यांत डोळे घालून बोलावे व संवादाचे छायाचित्र रात्री नऊपूर्वी गटात टाकावे.’ ही योजना मला विशेष आवडली. रोज त्रेसष्ट घरांत त्रेसष्ट आया मुलांच्या डोळ्यांत बघू लागायच्या आणि पहिल्याच मिनिटाला फोटोसाठी फोन वर धरायच्या. उरलेली चौदा मिनिटं इतरांचे फोटो बघण्यात जात. मंडळाच्या हिशेबाने डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोनशे छत्तीस तास संवाद झाला. त्यात आमच्या घरचे पावणेचार तास आहेत. मी मनस्वीचा जेवतानाचा एक फोटो चोरून काढला होता. तोच रोज वेगळ्या बाजूने कापून टाकायचो.

तो फोटो मी एकदा कापत असताना माझी थोरली बहीण भामा आली. ती चिरनेरला दिलेली. वालाच्या शेंगा घेऊन आली होती. तिने दारातून पाहिलं, भाऊ बायकोच्या फोनवर वाकलेला, पोरगी आतल्या खोलीत दार लोटून बसलेली. मी तिला मंडळाची योजना समजावून सांगितली. पूर्वी, दरम्यान, नंतर. तिने शेंगा टेबलावर ठेवल्या.

“जगन, पोर तुझ्याच घरान हाय. तिच्याशी बोलाला गिरनारवं कशाला धाडतंस? बाजूचे खोलीन जा ना.”

तेवढ्यात फोन वाजला. किशोरीताई नावाच्या मातेला गुडघ्याचा पट्टा कुठे मिळेल ते हवं होतं. मी भामाला बोट वर करून दाखवलं. एक मिनिट.

“तुझा एक मिनिट मी लानपनापासून बघतंय,” भामा म्हणाली. “अजून सपला नाय.”

ती चहा न घेता गेली. तिने पुस्तिका वाचलेली नव्हती, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

(या बोटाबद्दल एवढंच. दमयंतीच्या आजाराच्या अकराव्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये ती मला काहीतरी सांगत होती. “अहो, ऐका ना” असं म्हणाली होती. तेव्हाच विम्याच्या माणसाचा फोन आला, म्हणून मी बोट वर केलं आणि बाहेर गेलो. ती थांबली. थांबणारी बाई होती. माझा फोन झाला तेव्हा तिला झोप लागली होती. काय सांगायचं होतं ते राहिलं.)

यात्रेपूर्वीच्या आधारातला शेवटचा आणि सगळ्यात मोठा भाग म्हणजे मातृपत्र. प्रत्येक आईने मुलाला एक पत्र लिहून बंद पाकिटात मंडळाकडे द्यायचं. मूल वर पोचलं, दर्शन झालं, की पाकीट हातात पडतं. मग मूल रडतं. मुलं किती रडली यावरून यात्रेची तयारी मोजली जाते. मागच्या वर्षी एक्क्याऐंशी टक्के रडली होती. यंदाचं लक्ष्य नव्वद होतं.

मी दमयंतीच्या फोनवरून पद्मजाताईंना विचारलं, पत्र वडिलांनी लिहिलं तर चालेल का. त्यांनी लगेच उत्तर पाठवलं, ‘ताई, वडिलांच्या पत्राने मुलांना तेवढं भरून येत नाही. मागे एकदा करून पाहिलं आहे. मुलं वाचून खिशात ठेवतात.’

पुस्तिकेच्या शेवटी पत्राचा नमुना आहे. चौदा ओळी, त्यात ‘अभिमान’ हा शब्द किमान दोनदा. पत्र हस्ताक्षरात हवं. माझं अक्षर बावीस वर्षांच्या पावत्यांनी बनलेलं आहे, गाडी नंबर, माल, वेळ. दमयंतीचं अक्षर स्वयंपाकघरातल्या वहीत आहे. किराणा, गॅस कधी लावला, मनस्वीचे दाताचे डॉक्टर. मी ती वही समोर ठेवून तिच्यासारखी वेलांटी काढायचा प्रयत्न केला. तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर सगळा नमुना उतरवला. ‘प्रिय मनस्वी, तू माझ्या जीवनवेलीवरचे फूल आहेस’ येथपासून ‘तुझी आई’ येथपर्यंत. हे खोटं आहे असं एकदा मनात आलं. पण बाकीच्या बासष्ट मातांनीही तोच नमुना उतरवला होता, त्यामुळे खोटेपणा वाटला गेला आणि प्रत्येकीच्या वाट्याला थोडाच आला.

बस वडाळे तलावाजवळून सुटल्या. मी बॅग उचलली आणि वाहनाची व्यवस्था केली, म्हणजे माझी पुस्तिकेतली भूमिका संपली. मुलांचे फोन ‘मौनपेटी’त जमा झाले. बसच्या खिडकीतून मनस्वीने हात केला. मी पण केला. तिने काहीतरी म्हटलं, पण काच बंद होती.

यात्रेदरम्यानचा आधार हा मुख्यतः फोटो बघून द्यायचा असतो. पहिल्या दिवशी चारशे बारा फोटो आले. मनस्वी तीन फोटोंत होती. एकात तिचं कोपर, एकात वेणी, एकात ताटाच्या पलीकडे अर्धा चेहरा. माता आपापलं मूल मोठं करून बघत होत्या. मितेशने दोन पोळ्या टाकल्या हे हेतलबेनना पनवेलमध्ये बसून दिसलं आणि सत्यजीत सरांना त्या पोळ्यांचा जाब द्यावा लागला. इतकी काळजी घरात समोर बसलेल्या मुलाची घेता येत नाही. समोरच्या मुलाला मोठं करून बघायची सोय नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलं वर पोचली. ठरल्याप्रमाणे पत्रं वाटली गेली. ठरल्याप्रमाणे रडणं झालं. सत्यजीत सरांनी आकडा टाकला, अठ्ठ्याऐंशी टक्के. किंचित कमी पडला म्हणून त्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

त्याच दिवशी खाली उतरल्यावर दुपारी ‘मातृसंवाद’ होता. प्रत्येक मुलाने सरांच्या फोनवरून आईला दोन मिनिटं फोन करायचा. आईच्या नंबरवर, सातव्या रकान्यातल्या. मी काट्यावरून सुट्टी घेतली. साडेबाराला मिक्सरपाशी स्टूल टाकून बसलो. फोन आला तर काय बोलायचं ते ठरत नव्हतं. पुस्तिकेत आईने काय बोलावं याचे सहा मुद्दे आहेत. फोन आईचा आहे आणि उचलणारा मी आहे, या स्थितीसाठी मुद्दा नाही. गटात एकेकीचे निरोप येत होते, माझ्या बाळाचा आवाज बसलाय, माझी रडली, माझ्याने लोणचं मागितलं.

दोन वाजता दमयंतीला सत्यजीत सरांचा निरोप आला. ‘ताई, मनस्वीने कॉल करण्यास नकार दिला आहे. म्हणते, गरज नाही. कृपया काळजी नसावी, हे मौनाचे फळ आहे.’ त्यांनी तो चुकून सगळ्या गटात टाकला. पाच मिनिटांत सत्तेचाळीस मातांनी दमयंतीचं अभिनंदन केलं. किती प्रगल्भ मुलगी. किती उच्च संस्कार. हेतलबेननी विचारलं, ‘दमयंतीबेन, तुम्ही घरी काय करता की मुलगी अशी होते?’

मी बराच वेळ विचार करून लिहिलं, ‘काही नाही.’

हे उत्तर सगळ्यांना फार आवडलं.

पाचव्या दिवशी यात्रेनंतरचा आधार सुरू झाला. मंडळाने नवीन पनवेलमधला एक हॉल घेतला होता. परत आलेल्या मुलांनी आईचे पाय धुवायचे, असा कार्यक्रम. त्रेसष्ट खुर्च्या रांगेत, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. पुढून दुसऱ्या रांगेत एका चिठ्ठीवर होतं, ‘सौ. दमयंती जगन मढवी’. वडील मागे भिंतीला टेकून उभे होते, बॅगांसाठी.

बस वाशीच्या पुलावर अडकल्या म्हणून तासभर उशीर झाला. तो तास वाया जाऊ नये यासाठी मंडळाने अभिप्रायाचे फॉर्म वाटले. प्रश्न पहिला: ‘यात्रेनंतर आपले मूल आपल्याशी मनमोकळे बोलू लागले का? होय / नाही.’ फॉर्म भरून दिल्यावर जेवणाचं कुपन मिळत होतं. मुलं अजून पुलावर होती, पण मातांनी भराभर ‘होय’वर खूण केली. ९४ टक्के कुठून येतात हे मला तेव्हा समजलं. उरलेल्या सहा टक्क्यांचा उपवास असतो.

मुलं आली. काळवंडलेली, पाय ओढत. मनस्वी हातात तांब्या आणि ताम्हण घेऊन दुसऱ्या रांगेत गेली. चिठ्ठी वाचली आणि रिकाम्या खुर्चीसमोर मांडी घालून बसली. मी भिंतीपाशीच होतो. माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या.

पद्मजाताईंनी माइक घेतला. पाय धुण्याआधी एक छोटासा सन्मान आहे, म्हणाल्या. यंदाची सर्वाधिक सक्रिय माता. एक हजार एकशे चाळीस निरोपांना उत्तर, एकही दिवस खाडा नाही, एकही शब्द जास्त नाही. नाव ऐकताच टाळ्या झाल्या. बायका वळून वळून बघायला लागल्या.

“दमयंतीताई, या ना. इथे सगळ्या आपल्याच आहेत, लाजू नका.”

मी सत्यजीत सरांकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. ते छताच्या पंख्याकडे बघत होते.

मनस्वी उठली. माइकची तिला गरज पडली नाही.

“आई नाही येणार,” ती म्हणाली. “ती मार्चमध्ये गेली.”

टाळ्या थांबल्या. मागे कुणाचा तरी तांब्या कलंडला. व्यासपीठावर सत्यजीत सर आणि पद्मजाताई यांच्यात अर्धा मिनिट चर्चा झाली. मग सरांनी जाहीर केलं की काही तांत्रिक अडचण उद्भवली आहे, मात्र प्रतिनिधी चालेल.

मी बॅगा घेऊनच गेलो. ‘सौ.’वर बसलो. चप्पल काढली. बावीस वर्षं लोखंडात वावरलेले पाय आहेत, टाचा फुटलेल्या. तिने पाणी ओतलं. ती खाली मान घालून बोलायला लागली, पाण्याच्या आवाजाखाली, मलाच ऐकू येईल असं.

“पत्र तू लिहिलंस ना, पप्पा?”

“कशावरून?”

“वर तारीख आणि वेळ टाकलीयस. ११.४०. काट्याच्या पावतीसारखी.”

सवयीने पडली होती ती. माझ्या लक्षातही नव्हती.

“आणि आईने असलं काही लिहिलं नसतं,” ती म्हणाली. “जीवनवेल म्हणे. तिने लिहिलं असतं, टॉवेल तिकडे विसरू नको.”

“विसरलीस?”

“विसरले.”

आम्ही दोघं हसलो. शेजारच्या खुर्चीवरच्या हेतलबेन आधीच रडत होत्या, त्या आणखी रडल्या. मनस्वी दुसरा पाय धुवायला लागली. बराच वेळ धूत होती.

“फोनपण तूच उचलला असतास?”

“हो.”

“म्हणून नाही केला.” मग तिने तांब्या खाली ठेवला. “त्या बायकांशी रोज बोलायचास. मला आत टिंगटिंग ऐकू यायचं. मी बाजूच्याच खोलीत होते, पप्पा.”

यावर मी काही बोलायला हवं होतं. तेवढ्यात व्यासपीठावरून पुढच्या सूचना सुरू झाल्या. सन्मानचिन्ह मला नंतर काउंटरवर मिळालं. त्यावर जोडलेले दोन हात आहेत आणि खाली ‘आदर्श माता’. अभिप्रायाच्या फॉर्मवर मी ‘होय’वर खूण केली. एवढ्या सगळ्या फॉर्ममध्ये खरं उत्तर बहुधा माझं एकट्याचं असावं, पण ते निघालं मुलं आल्यावर, त्यामुळे उशिरा आलेलं म्हणून बाद झालं.

माता परिवाराने दमयंतीला त्याच दिवशी श्रद्धांजली वाहिली. साठ जणींनी हात जोडले. मग पद्मजाताईंनी मला स्वतंत्र लिहिलं की झालं ते झालं, पण नंबर गटात राहू द्यावा. पुढच्या वर्षीच्या नव्या मातांना अशा अनुभवी सदस्याची गरज भासते. मी नाही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनस्वी स्वयंपाकघरात आली. मी वालाच्या शेंगा सोलत होतो. तिने फळीवरचा आईचा फोन घेतला, समोर बसली आणि पहिल्यापासून सगळं वाचत गेली. ‘दोन’पाशी ती खूप हसली. शून्य किलोच्या बॅगेपाशी तिला उचकी लागली. ‘ते कामात असतात’पाशी ती थांबली. मग तिने रिचार्ज कधी संपतो ते विचारलं. मी म्हटलं, बावीस तारखेला.

ती एक शेंग घेऊन सोलायला लागली. शेंग संपली, तिने दुसरी घेतली.

“पप्पा,” ती म्हणाली, “त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तू बाहेर फोनवर होतास ना, तेव्हा आईने मला...”

तिच्याच हाताजवळ ठेवलेला फोन वाजला. पडदा माझ्याकडे होता. माता परिवारात मतदान सुरू झालं होतं: ‘यात्रेनंतरचा आधार, आज मुलाशी किती मिनिटे संवाद झाला?’ पाच, दहा, पंधरा, पंधराहून अधिक. मुदत संध्याकाळी सातपर्यंत, आणि सात वाजायला दोन मिनिटं होती. दमयंतीचा एकही दिवस खाडा नाही.

मी बोट वर केलं.

‘पंधराहून अधिक’वर खूण करून मी मान वर केली, तेव्हा समोरचं स्टूल रिकामं होतं. सोललेले दाणे तिने माझ्या वाटीत टाकले होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. लावलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी हे लिहितो आहे. इतर पालकांच्या उपयोगी पडावं हा हेतू. मुलाला आधार कसा द्यावा यावर इतकं सविस्तर कुणी लिहिलेलं नाही. मजकूर बराच मोठा झाला. वाचायला साधारण पंधरा मिनिटं लागावीत, म्हणजे पान अकरावर सांगितलेला वेळ बरोबर भरतो. त्याचा फोटो काढून टाकायला हरकत नाही.

लिहिताना दोनदा आतून काहीतरी आवाज आला. मी बोट वर केलं, पण आतल्या खोलीतून बोट दिसत नाही. आता तिसऱ्यांदा तिने ‘पप्पा’ म्हटलं आहे, म्हणून शेवट नीट न करताच उठतो.

तुम्ही मात्र शेवटपर्यंत आलात. म्हणजे मधल्या पंधरा मिनिटांत तुम्हाला कुणी हाक मारली नाही. किंवा मारली, आणि कोणतं बोट वर केलं ते तुम्हाला आठवत असेल.